हनुक्काचे लाटके घरी कसे करावेत

लाटक्यांची सगळी गोम पाण्यात आहे. कच्च्या बटाट्याच्या वजनात जवळजवळ ऐंशी टक्के पाणीच असतं. ते पिळून काढायचं, पण त्या पाण्याबरोबर निघून गेलेलं बटाट्याचं सत्त्व तेवढं परत आणायचं. एवढं साधलं की लाटके कडेने जाळीदार आणि कुरकुरीत होतात, आत मऊ राहतात आणि तेल पीत नाहीत. पहिल्यांदा करणाऱ्यांचे लाटके बिघडतात ते बहुतेक वेळा इथेच. म्हणून खाली या पायरीवर मी जास्त वेळ घालवणार आहे.

आधी थोडी ओळख. लाटका म्हणजे कच्चा बटाटा आणि कांदा किसून, अंडं आणि थोडं पीठ घालून, तव्यावर तेलात तळलेली चपटी वडी. उकडलेला बटाटा यात कुठेच नाही. हा पदार्थ अश्केनाझी ज्यूंचा, म्हणजे पोलंड, लिथुआनिया, युक्रेन, रशिया या पट्ट्यात कित्येक शतकं राहिलेल्या आणि पुढे अमेरिका, ब्रिटन, इस्रायलमध्ये गेलेल्या ज्यूंचा. तो वर्षभर खाल्ला जातो, पण त्याचा मान हनुक्काच्या आठ दिवसांत. ज्यू पंचांगातल्या किस्लेव महिन्याच्या 25 तारखेला हा सण सुरू होतो. आपल्या कॅलेंडरवर तो नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरात येतो.

हनुक्का आहे तेलाचा सण. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात ज्यूडा मक्काबी आणि त्याच्या भावांनी ग्रीक सेल्युसिड राजसत्तेविरुद्ध लढून जेरुसलेमचं मंदिर परत मिळवलं. मंदिर शुद्ध करताना दिव्यासाठी एकाच दिवसापुरतं पवित्र तेल हाती लागलं, आणि ते आठ दिवस पुरलं, अशी कथा तालमुद या ज्यू धर्मग्रंथात आहे. त्या तेलाची आठवण म्हणून या दिवसांत तळलेलं खातात. इस्रायलमध्ये जॅम भरलेले गोल डोनट, सुफगानियोत, जोरात असतात. अश्केनाझी घरांत लाटके.

बटाटा मात्र या गोष्टीत फार उशिरा आला. दक्षिण अमेरिकेतून युरोपात पोचून पूर्व युरोपातल्या गरिबांचं रोजचं अन्न व्हायला त्याला अठरावं शतक संपून एकोणिसावं उजाडावं लागलं. त्याआधी हनुक्काला चीजचे, किंवा बकव्हीटच्या म्हणजे कुट्टूच्या पिठाचे पोळे होत. तिकडे ऑलिव्ह तेल मिळत नसे, मिळालं तर परवडत नसे. हिवाळ्याच्या तोंडावर पुष्ट झालेली हंस-बदकं कापली जात, त्यांची चरबी कढवून ठेवली जाई आणि तळण त्याच चरबीत होई. तिला श्माल्त्झ म्हणतात. बटाटा स्वस्त, कांदा स्वस्त आणि चरबी हंगामाची. लाटका हा अशा घरातून आलेला पदार्थ आहे, आणि म्हणून त्यात फार भर घालू नये असं मला मनापासून वाटतं.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींचा, म्हणजे मराठी ज्यूंचा, हा मूळचा पदार्थ नाही, हेही सांगायला हवं. अलिबाग-रेवदंडा भागात त्यांचा पिढीजात धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. पण हनुक्का त्यांच्या जुन्या परंपरेत नव्हता. आपले पूर्वज त्या घटनेच्या आधीच मायदेश सोडून निघाले होते, असं ते सांगतात. पुढे इतर ज्यूंशी संबंध वाढल्यावर हा सण त्यांच्याकडे आला, आणि आता मुंबई-ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळांत, त्याचे दिवे लागतात. त्यांची स्वतःची खूण मलिद्याची : पोहे, ओलं खोबरं, गूळ किंवा साखर आणि फळं. लाटके आवडले म्हणून कुणी त्यांना कोकणी ज्यू पदार्थ म्हणू नये.

काय काय लागेल

चार जणांना पोटभर, साधारण 18 ते 20 लाटके होतील असं हे प्रमाण आहे. बटाटे एक किलो. मोठा कांदा एक, सुमारे 200 ग्रॅम. अंडी दोन. मात्झाचा रवाळ चुरा किंवा मैदा पाव कप. मीठ दीड चहाचे चमचे, ताजी कुटलेली मिरी अर्धा चमचा. तळायला तेल दीड ते दोन कप, तवा केवढा त्यावर.

बटाटा निवडताना घाई करू नका. पिठूळ बटाटा हवा, म्हणजे उकडल्यावर ज्याची साल तडकते आणि जो हाताला भुरभुरीत लागतो तो. आपल्या बाजारात वेफर्सचा बटाटा म्हणून मागितला तर बहुधा योग्य तोच मिळतो, कारण वेफर्सवाल्यांनाही कमी पाण्याचा आणि कमी साखरेचा बटाटाच लागतो. अमेरिकेत राहणाऱ्यांनी रसेट घ्यावा, ब्रिटनमध्ये मारिस पायपर किंवा किंग एडवर्ड. पातळ चकचकीत सालीचा नवा बटाटा रश्श्याला छान, इथे नको. त्यात पाणी जास्त आणि सत्त्व कमी.

आणखी एक. बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते. असा बटाटा तळला की आत शिजायच्या आधीच बाहेरून काळपट होतो आणि कडवट लागतो. शीतगृहातून नुकत्याच निघालेल्या बटाट्याचंही तेच. असे बटाटे घरात उबदार, अंधाऱ्या जागी आठ-दहा दिवस पडू दिले तर बरेच सुधारतात. हिरवट डाग असलेला बटाटा बाजूलाच टाका.

मात्झा ही ज्यूंची बिनखमिराची पातळ, कडक रोटी. पिठाला पाणी लागल्यापासून 18 मिनिटांच्या आत ती भाजून व्हावी लागते. तिचा चुरा परदेशात डब्यात मिळतो. मिळाला नाही तर अडत नाही. मैदा चालतो, घरच्या ब्रेडचा वाळवून केलेला चुरा त्याहून चांगला. बेसन मात्र घालू नका, ते सगळ्या चवीचा ताबा घेतं. जिरं, हिरवी मिरची, कोथिंबीर यांचा मोहही पहिल्या वेळी तरी आवरा. बटाटा, कांदा आणि मिरी यांची चव नुसती कशी लागते ते एकदा तोंडात बसू दे.

तेलात आपल्या घरचं शेंगदाण्याचं तेल उत्तम. रिफाइंड असेल तर वास येत नाही, आणि ते चांगलं तापूनही लवकर धुरकटत नाही. सूर्यफुलाचंही चालेल.

किसणं

आधी सगळी मांडामांड करून घ्या, मगच बटाट्याला हात लावा. परात, दोन भांडी, जाड किसणी, मलमलचं फडकं किंवा स्वच्छ पंचा, तवा, तेल, जाळी. किसलेला बटाटा हवेला लागला की काही मिनिटांत तांबूस आणि मग करडा पडायला लागतो, आणि त्या वेळी पंचा शोधत बसायची सोय नसते.

बटाटे सोलून धुऊन घ्या. किसणीच्या मोठ्या भोकांच्या बाजूने किसा. थोडा बटाटा, मग थोडा कांदा, पुन्हा बटाटा, असं आलटून पालटून. कांद्याच्या रसाने बटाट्याचं काळं पडणं लांबतं, आणि दोन्ही आपोआप मिसळतातही. बटाटा उभा धरून लांब कीस पाडा. तळताना हे लांब तुकडे कडेने सुटे राहतात आणि तिथेच खरा कुरकुरीतपणा येतो. फूड प्रोसेसरची किसणी वापरली तरी चालते. मिक्सरमध्ये मात्र लगदा होतो.

बारीक किसणीवर किसून जवळजवळ खिरीसारखं मिश्रण करायची पद्धतही जुनी आणि अस्सल आहे. त्याचे लाटके जाडसर, आतून मऊ आणि भरीव होतात. काही घरं दोन्ही किसण्या वापरतात, तीन भाग जाड आणि एक भाग बारीक. मला ही मिसळ सगळ्यांत आवडते, कारण बारीक कीस लांब कीस धरून ठेवतो आणि अंडं-पीठ कमी लागतं. पण नवशिक्यांनी आधी सगळं जाडच किसावं. पिळायला सोपं जातं.

पिळणं

आता मुख्य काम. किसाचा तिसरा हिस्सा पंच्यावर घ्या, चारी टोकं एकत्र धरा आणि एका रिकाम्या भांड्यावर पिळा. सगळा कीस एकदम घेऊ नका, मधला भाग ओलाच राहतो. पंचा पिळत जा, मोकळा करून कीस हलवा, पुन्हा पिळा. पहिल्या पिळ्याला धार लागेल, दुसऱ्याला थेंब येतील. थेंबही थांबेपर्यंत पिळायचं. मनगटात जोर नसेल तर पिळलेल्या पुरचुंडीत लाटणं अडकवून फिरवा. एक किलो बटाट्यातून कपभर पाणी सहज निघतं, कधी त्याहून जास्त. घरात दणकट हाताचं कुणी असेल तर हे काम त्यांच्याकडे द्यावं.

हे पाणी ओतून देऊ नका. भांडं ओट्यावर दहा मिनिटं न हलवता ठेवा. वर तांबूस पाणी राहील आणि तळाशी पांढरा घट्ट साका बसेल. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढताना वरचं पाणी निवळून फेकतो आणि तळचं सत्त्व ठेवतो, ते ज्यांनी केलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. भांडं हळूच तिरकं करून वरचं पाणी टाका. खालचा साका बोटांनी खरवडून काढा. तो ओला असताना दगडासारखा घट्ट आणि तरी बोटावरून वाहणारा असतो. हाच बटाट्याचा स्टार्च, आणि लाटक्याला बांधून ठेवणारा खरा तोच. तापलेल्या तेलात तो फुलतो, कीस एकमेकांना चिकटवतो आणि वरचा कवच कडक करतो. तो फेकून दिलात तर त्याची भरपाई मैद्याने करावी लागते, आणि मग लाटका चिवट आणि गिच्च होतो.

साका बसेपर्यंत पिळलेला कीस झाकून ठेवा. पृष्ठभाग थोडा तांबूस झाला तर बिघडत नाही, तळल्यावर दिसत नाही.

मिश्रण

अंडी एकेक करून वेगळ्या वाटीत फोडा. कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणाऱ्या, स्वयंपाकघरात रक्ताचा ठिपका असलेलं अंडं चालत नाही, म्हणून तिथे प्रत्येक अंडं असं पाहूनच घेतात. सवय म्हणून कुणालाही चांगली. अंडी फेटून किसावर घाला, साका चुरून घाला, मात्झाचा चुरा किंवा मैदा, मिरी, आणि सर्वांत शेवटी मीठ. हाताने हलकं कालवा, मळू नका.

मीठ शेवटी अशासाठी, की ते पडताच बटाटा पुन्हा पाणी सोडू लागतो. तव्यातलं तेल तापत आलं असेल तेव्हाच मीठ घालावं. मग लगेच तळायला घ्यावं. तळता तळता भांड्याच्या तळाशी पाणी साठतंच. त्यामुळे प्रत्येक घाण्याला मिश्रण वरून उचला, मुठीत हलकं दाबा, पाणी भांड्यातच सुटू द्या. शेवटच्या दोन-तीन लाटक्यांवर ही दाबण्याची मेहनत थोडी जास्त करावी लागते.

अंडं न खाणाऱ्यांसाठी : साका पूर्ण वापरा, शिवाय बटाट्याचा किंवा मक्याचा स्टार्च दोन मोठे चमचे घाला, आणि चौथा हिस्सा बटाटा बारीक किसा. लाटके थोडे पातळ करा आणि पहिली बाजू पक्की झाल्याशिवाय उलटू नका. होतात, आणि कुरकुरीतही होतात. आतला मऊपणा मात्र थोडा कमी येतो.

तळणं

बिडाचा तवा असेल तर तोच काढा, तो उष्णता धरून ठेवतो. नाहीतर जाड बुडाचा, थोड्या उभ्या कडेचा पॅन. तेल पाऊण सेंटीमीटर खोल हवं, लाटका अर्धा बुडेल एवढं. कढईभर तेलात सोडलात तर कीस सुटा होऊन पसरेल, आणि नुसतं तेल पुसलेल्या तव्यावर मधला भाग कच्चा राहील.

आच मध्यम ते मोठी. तेल तापलं की नाही ते पाहायला किसाचा एक तुकडा टाका. टाकल्याबरोबर चहूबाजूंनी बुडबुडे यायला हवेत आणि अर्ध्या मिनिटात तो सोनेरी व्हायला हवा. थर्मामीटर असेल तर 180 अंश सेल्सिअसच्या आसपास. तेल थंड असताना सोडलेला लाटका तेल पितो, आणि मग कितीही तळला तरी तेलकटच राहतो.

दोन मोठे चमचे मिश्रण घेऊन तेलात ठेवा, उलथन्याने दाबून तीन इंच रुंद आणि सेंटीमीटरभर जाड करा. कडा नीट गोल करायच्या भानगडीत पडू नका, विस्कटलेल्या कडाच सगळ्यांत खमंग होतात. एका वेळी चार, फार तर पाच. तवा भरून टाकला की तेल एकदम थंड होतं आणि सुटलेल्या वाफेत लाटके शिजतात, तळले जात नाहीत.

मग हात आवरा. तीन-चार मिनिटं हलवायचं नाही. कडा गडद सोनेरी दिसल्या आणि उलथनं सहज खाली गेलं की उलटायचं, एकदाच, आणि आपल्यापासून लांबच्या दिशेने, म्हणजे तेल अंगावर येत नाही. दुसरी बाजू तीन मिनिटं. पहिल्या घाण्यातला एक तोडून चाखा. मीठ तेव्हाच कळतं आणि अजून हातात असतं. आत कच्चा लागला तर आच थोडी कमी करून पुढचे पातळ थापा. तव्यात मोडला तर चमचाभर मैदा वाढवा, त्याआधी मिश्रण पुन्हा एकदा पिळून पाहा, कारण बहुतेकदा पीठ कमी नसतं, पाणी जास्त असतं.

दोन घाण्यांच्या मधे तेलातले सुटे तुकडे झाऱ्याने काढत जा, ते जळून पुढच्यांना कडू करतात. तेल कमी झालं तर भर घाला, पण पुन्हा तापू द्या.

काढलेले लाटके जाळीवर ठेवा आणि वरून चिमूटभर मीठ भुरभुरा. कागदावर मिनिटभर टेकवले तर चालतील, पण तिथेच राहू दिले तर खालची बाजू स्वतःच्या वाफेने मऊ पडते. एकावर एक रचू नका. सगळे एकदम वाढायचे असतील तर जाळी 100 अंशाच्या ओव्हनमध्ये ठेवा.

बरोबर काय

सफरचंदाचा सॉस किंवा आंबट साय, ही जोडी ठरलेली, आणि कुठली बरी यावरून घराघरांत प्रेमाने वाद चालतात. शिकागो विद्यापीठात तर 1946 पासून लाटके विरुद्ध पुरीम या दुसऱ्या ज्यू सणाची त्रिकोणी हमनताश बिस्किटं असा वाद प्राध्यापक मंडळी भर सभेत घालत आली आहेत.

सफरचंदाची प्रथा आहारनियमांशीही नीट जुळते. कोशर घरात मांस आणि दूध एका जेवणात येत नाही. लाटके श्माल्त्झमध्ये तळले, किंवा ताटात मटणाचा पदार्थ असला, की आंबट साय बाद. सफरचंद धड मांस नाही, धड दूध नाही, ते दोन्हींबरोबर चालतं. अमेरिकेत 1911 मध्ये क्रिस्को हे वनस्पती तूप बाजारात आलं आणि ज्यू गृहिणींना ते सोयीचं वाटलं, त्याचंही कारण हेच. वनस्पती तेलात तळलेल्या लाटक्यांबरोबर दुधाचं काहीही घेता येतं. पाहुणा कोशर पाळणारा असेल तर नुसतं साहित्य नियमात बसवून भागत नाही, भांडी आणि तवाही लागतो. आधी त्यालाच विचारा.

सॉससाठी चार आंबटगोड सफरचंदं सोलून, बिया काढून, पाव कप पाणी आणि दालचिनीचा तुकडा घालून मंद आचेवर झाकण ठेवून वीस मिनिटं शिजवा आणि डावाने घोटा. साखर चाखूनच घाला, बऱ्याचदा लागतच नाही. आंबट साय इथे सहज मिळत नाही. चक्का घ्या, त्यात दोन चमचे ताजं क्रीम आणि चिमूट मीठ घालून फेटा. वर कांद्याची पात बारीक चिरून.

सणाच्या संध्याकाळी एक वेळापत्रकही सांभाळायचं असतं. हनुक्काचे दिवे किमान अर्धा तास जळायला हवेत, आणि ते जळत असताना स्त्रियांनी कामाला हात लावायचा नाही अशी जुनी चाल आहे. त्या घरांत सॉस दुपारीच होतो, आणि बटाटे सोलून थंड पाण्यात बुडवून ठेवले जातात. किसणं नंतर. न किसलेला बटाटा पाण्यात तासभर खुशाल राहतो.

शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, लागतो आणि तळणी बंद होते, म्हणून त्या आठवड्याचे लाटके आधीच तळून ठेवतात. आपल्यालाही पाहुणे असले की ही सोय उपयोगी. नेहमीपेक्षा थोडे फिके तळा, पूर्ण गार करा, ताटात सुटे मांडून फ्रीझरमध्ये घट्ट करा आणि मग पिशवीत भरा. महिनाभर चांगले राहतात. वाढायच्या वेळी न वितळवता थेट 220 अंशाच्या ओव्हनमध्ये जाळीवर दहा-बारा मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये ते लिबलिबीत होतात. ओव्हन नसेल तर बिडाच्या तव्यावर, वरून तेल न घालता, मध्यम आचेवर दोन्ही बाजू शेका. आतलं तेल सुटून तवा आपोआप ओला होतो आणि कडा पुन्हा कडक येतात.